गुमटीच्या न दिसणाऱ्या बाजू

आमच्या अभ्यासिकेतील टेबलावर सध्या दोन गुमट्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. दोन्ही एकाच रेल्वे फाटकाच्या आणि एकाच गेटमनच्या. दोन्ही लाकडाच्या, दोन्हींचे प्रमाण १:८७. तरीही एकीला पाहून घरी येणारे-जाणारे हळहळतात आणि दुसरीकडे फारसे कुणी पाहत नाही. ज्या गुमटीला पाहून लोक हळहळतात ती खोटी आहे. हे कळायला आम्हांला चार महिने लागले, आणि ज्यांनी ते सांगितले ते गृहस्थ त्या चारही महिन्यांत आमच्यापासून वीस पावलांवर बसत होते. त्याची ही हकिगत.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात शिकवतो आणि एकाच घरात राहतो. त्यामुळे या लेखातील 'आम्ही' हे आदरार्थी नसून निव्वळ संख्यावाचक आहे, हे प्रारंभीच नमूद करतो. हाताने काही घडवण्याची आम्हांला सवय नव्हती. पुण्यातील फुटपाथवर जुनी पुस्तके चाळताना 'मॉडेल रेलरोडर' या अमेरिकन मासिकाच्या जुन्या अंकांचा एक गठ्ठा हाती लागला, हे निमित्त. १९३४ साली सुरू झालेले हे मासिक छोट्या आगगाड्यांच्या हौशी मंडळींसाठी आहे. आम्ही ते घेतले ते चित्रांसाठी. वाचू लागल्यावर ध्यानात आले की, यात गाडीपेक्षा गाडीच्या भोवतालच्या वस्तूंवरच अधिक लिहिलेले आहे : पाण्याच्या टाक्या, मालधक्के, लाकडी पूल, कोळशाची कोठारे, सिग्नलमनच्या खोल्या. अमेरिकेच्या पश्चिम भागात रेल्वे पसरली ती मुख्यतः लाकडाच्या आधाराने. साहजिकच तिथल्या हौशी कारागिरांमध्ये लाकडी इमारती फळी-फळीने उभारण्याची एक परंपराच निर्माण झाली. ई. एल. मूर नावाचे गृहस्थ बाल्सा लाकूड आणि पुठ्ठा अशा स्वस्त साहित्यातून गिरण्या, दुकाने, कोठारे उभी करीत आणि ती कशी केली ते मिस्कील भाषेत सांगत. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जॉन अ‍ॅलन यांनी घराच्या तळघरात एक अख्खा डोंगराळ प्रदेश वसवला होता. त्या रेल्वेचे नाव 'गॉरी अँड डॅफेटिड'. मोठ्याने उच्चारले तर 'रक्तबंबाळ आणि पराभूत' या अर्थाचे इंग्रजी शब्द ऐकू यावेत अशी त्यातील कोटी. जानेवारी १९७३ मध्ये अ‍ॅलन वारले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत लागलेल्या आगीत त्यांचे हे विश्व नष्ट झाले.

अ‍ॅलन यांच्याविषयी वाचताना एक संकल्पना आम्हांला विशेष भावली. नव्या कोऱ्या प्रतिकृतीला ऊन, पाऊस, धूर, गंज यांच्या खुणा देणे. या कामाला तिकडे 'वेदरिंग' म्हणतात. आम्ही आपसांत त्याला 'ऋतू लावणे' म्हणू लागलो. वस्तूला काळ चिकटवायचा, ही कल्पना साहित्याच्या अध्यापकाला मोह पाडणारीच आहे. पुढे घडलेल्या चुकीचे बीज या मोहात होते.

अमेरिकेतले मालधक्के आपण इथे बसून कशाला उभारायचे, असा प्रश्न पडला तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे बार्शी लाइट आली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या कंपनीने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ही गाडी सुरू केली. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोहोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. १९५४ साली ती सरकारच्या ताब्यात आली आणि २००० नंतरच्या दहाएक वर्षांत टप्प्याटप्प्याने तिचे रुंदीकरण होऊन छोटी लाइन संपली. आमच्या पिढीने तिच्यातून प्रवास केलेला आहे. पण आम्हांला गाडी करायची नव्हती. लाकडाचे काही करायचे होते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील परिचर, ज्यांना सारे महाविद्यालय 'मामा' म्हणते, यांचे वडील बार्शी आणि येडशी यांच्या दरम्यानच्या एका फाटकावर गेटमन होते, हे आम्हांला ऐकून ठाऊक होते. मामांकडे फोटो मागितला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून आणून दिला. आम्ही आभार मानले, त्याची प्रत काढून घेतली आणि मूळ फोटो परत केला.

एवढाच आमचा त्या विषयातील संवाद. आम्ही फोटो मागितला, माहिती मागितली नाही.

फोटो कृष्णधवल, तळहाताएवढा. मध्यभागी मामांचे वडील, अण्णा, खाकी पोशाखात. मागे लाकडी गुमटीची दर्शनी बाजू, दार आणि पत्र्याच्या छपराची कड. फोटोवर मोजपट्टी नसते, पण माणूस असतो. अण्णांची उंची साडेपाच फूट धरली तर कोपऱ्यातील खांब जमिनीवर साडेसात फुटांचा भरत होता. दीड फूट जमिनीत गाडलेला असणार, म्हणजे एकूण नऊ फूट. खांब जुन्या स्लीपरांचे, हे त्यांच्या चौकोनी जाडीवरून आणि अंगावरील खिळ्यांच्या भोकांवरून स्पष्ट दिसत होते. इथे आम्ही अडलो. अडीच फुटी लाइनीचा लाकडी स्लीपर दीड मीटर लांबीचा, म्हणजे पाच फूटही नाही. त्याचा नऊ फुटी खांब कसा होईल? दोन दिवस डोके खाजवल्यावर उलगडा झाला. ब्रॉडगेजच्या स्लीपरची लांबी पावणेतीन मीटर, म्हणजे बरोबर नऊ फूट. रुंदी २५० मिलिमीटर, जाडी १३०. छोट्या लाइनीच्या गेटमनची गुमटी मोठ्या लाइनीवरून काढून टाकलेल्या स्लीपरांवर उभी होती. कुर्डुवाडीला दोन्ही लाइनी शेजारी शेजारी होत्या, तेव्हा ते तिथूनच आलेले असणार. पाठचिकित्सेत एखाद्या अपपाठाचा उगम सापडावा तसा आनंद आम्हांला झाला. या आनंदाने आमचा स्वतःविषयीचा विश्वास अवाजवी वाढला, हेही सांगितले पाहिजे.

१:८७ या प्रमाणात तो नऊ फुटी स्लीपर साडेएकतीस मिलिमीटरचा होतो. रुंदी तीन मिलिमीटरहून किंचित कमी, जाडी दीड. सहा इंची फळी पावणेदोन मिलिमीटरची. सहा फूट बाय आठ फूट गुमटीला आगपेटीच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकी जागा पुरते. अमेरिकन मंडळी यासाठी बासवुड वापरतात, कारण त्याचा पोत अतिशय बारीक असतो. लाकूड लहान कापले तरी त्याच्या रेषा लहान होत नाहीत. ठळक रेषांचे सागवान वापरले तर फळीवर एकच भली मोठी रेघ दिसते आणि सारे सोंग उघडे पडते. आम्हांला बासवुड मिळाले नाही. आइस्क्रीमच्या काड्या आणि छोट्या विमानांचे साहित्य विकणाऱ्या दुकानातला बाल्सा यांवर भागवले. प्रत्येक पट्टी पितळी ब्रशने लांबीच्या दिशेने खरवडायची, म्हणजे पोत वर येतो. मग स्पिरिटमध्ये काळ्या शाईचे चार थेंब टाकून त्यात ती बुडवायची, म्हणजे उन्हापावसात राहिलेल्या लाकडाचा करडेपणा येतो. ही शाई तिकडे 'इंडिया इंक' या नावाने ओळखली जाते, याची आम्हांला गंमत वाटली. रंग चिकटवण्याआधीच द्यावा लागतो. फेव्हिकॉल एकदा सुकला की त्यावर शाई धरत नाही आणि तेवढाच डाग पांढरा राहतो. भिंतीला आतून आडव्या पट्ट्यांचा आधार दिला नाही तर ती ओल शोषून पापडासारखी वळते. आमच्या पहिल्या दोन भिंती अशाच वळल्या. छपराच्या पत्र्यासाठी खाद्यपदार्थांच्या डब्याचा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा बारीक दातांच्या फणीवर दाबला. पन्हळ बेमालूम उमटली.

खिळ्यांनी मात्र आम्हांला विचारात पाडले. या कलेतील प्रत्येक मार्गदर्शक लेखात फळीच्या टोकाला सुईने दोन दोन टोचे मारायला सांगितलेले असते. त्यांना खिळ्यांची भोके समजायचे. हिशेब करून पाहिला. सहा मिलिमीटर डोक्याचा खिळा या प्रमाणात ०.०७ मिलिमीटरचा होईल. म्हणजे केसाच्या जाडीइतका. हातभर अंतरावरून तो दिसणारच नाही. सुईचा टोचा मात्र ०.३ मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्यक्षात एक इंचाहून मोठे भोक! मापाने पाहिले तर हे खिळे धडधडीत खोटे आहेत आणि तरीही त्यांच्यावाचून भिंत खरी वाटत नाही. रोलाँ बार्थ यांचा १९६८ चा 'वास्तवाचा परिणाम' या विषयावरील निबंध आम्ही पदव्युत्तर वर्गात शिकवतो. फ्लोबेरच्या एका कथेतील दिवाणखान्यात एक बॅरोमीटर आहे. कथानकाला त्याची काही गरज नाही, प्रतीक म्हणूनही त्याला काम नाही. तो केवळ 'मी वास्तव आहे' असे सांगण्यासाठी तिथे असतो, असा बार्थ यांच्या प्रतिपादनाचा आशय. सुईचे टोचे मारता मारता आम्ही एकमेकांना म्हणालो की, हे आपले बॅरोमीटर. त्या संध्याकाळी आम्ही स्वतःवर फारच खूश होतो.

आणि मग आम्ही ऋतू लावले. फोटोत गुमटीच्या फळ्या करड्या दिसत होत्या. आम्ही त्या करड्या ठेवल्या. खांब एका बाजूला कललेला दिसत होता. आम्ही तो कलता बसवला. दाराशेजारी एक काळपट उभा पट्टा होता. तिथली फळी निखळली आहे असे समजून आम्ही ती काढून टाकली. छपराला गंज दिला, पायाशी गवत वाढवले. फोटोत एकच बाजू दिसत होती. उरलेल्या तीन बाजू आम्ही त्याच धर्तीवर कल्पनेने रचल्या आणि रस्त्याच्या बाजूला, प्रवाशांना शोभून दिसेल अशी, एक मोडक्या झडपेची खिडकी ठेवली. समोर नऊ मिलिमीटर अंतराचे रूळ टाकले. अडीच फुटांचे या प्रमाणात ८.७६ मिलिमीटर होतात, तेव्हा ते जवळजवळ बिनचूक. अण्णांची एक इवलीशी आकृती सरळ उभी केली. महाविद्यालयाच्या प्रदर्शनात ही गुमटी मांडायची ठरली आणि तिच्याखाली ठेवायच्या चिठ्ठीवर आम्ही 'एका युगाचा अस्त' अशी अक्षरे सुबकपणे लिहिलीसुद्धा.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मामांना मुद्दाम विभागात बोलावले. आपल्या वडिलांची स्मृती अशी साकारलेली पाहून त्यांचे डोळे भरून येतील, अशी आमची अपेक्षा होती. ती लपवण्यात आता अर्थ नाही. मामांनी चष्मा लावला. चारी बाजूंनी फिरून पाहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "छान केलंय, सर. पण हे कुठलं?"

आम्ही म्हटले, "मामा, अण्णांची गुमटी!"

"नाही, मॅडम. अण्णांची अशी नव्हती. फळी कशी निखळंल? पीडब्ल्यूआय साहेबांची ट्रॉली यायची की. आणि साहेब नाही आले तरी अण्णांना चालायचं नाही."

मग मामा बोलू लागले आणि आम्ही, बहुधा प्रथमच, त्यांचे ऐकून घेऊ लागलो. दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, अण्णा सगळ्या फळ्यांना डांबर फासत. गुमटी करडी नव्हती, काळी कुळकुळीत होती. फोटोतला काळा रंग वर्षानुवर्षे उडून करडा झाला होता. तो काळपट पट्टा म्हणजे एका पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीत शिरलेल्या पाण्याचा डाग. मामांना तो डाग केव्हा पडला तेही आठवत होते. कलत्या खांबाविषयी त्यांनी काही सांगितले नाही. आम्हीच प्रत पुन्हा काढून पाहिली. खांब जितका कललेला आहे तितकेच अण्णाही कललेले आहेत. कॅमेरा तिरपा धरला गेला होता. आम्ही माणसाला सरळ केले आणि त्याच्या घराला तिरके ठेवले!

खिडकीकडे बोट करून मामा म्हणाले, "रस्त्याकडं खिडकी ठेवून करायचं काय? गाडी तिकडनं येती का?" लातूरकडची लाइन सरळ होती, तिकडची गाडी दारातून दिसे. बार्शीच्या बाजूला वळण होते आणि बाभळी होत्या. तिथून इंजिन एकदम समोर यायचे. म्हणून खिडकी त्या भिंतीला होती, तीही बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. लाल आणि हिरवा बावटा आत खुंटीला असे, बाहेर नव्हे, कारण उन्हाने लाल कापड विटते आणि विटलेला बावटा ड्रायव्हरला दिसत नाही. उंबऱ्याला आई गेरू लावी. स्लीपर कुर्डुवाडीहून आले होते, हा आमचा तर्क तेवढा बरोबर निघाला. मामांनी त्याचे कौतुक केले, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत आम्ही उरलो नव्हतो.

प्रदर्शनात गुमटी मांडली नाही. चिठ्ठी फाडून टाकली.

त्यानंतरच्या दिवसांत आम्ही या चुकीचा पुष्कळ विचार केला, कारण ती लाकूडकामातील चूक नव्हती. ती वाचनातील चूक होती आणि वाचन हा तर आमचा व्यवसाय. फोटोला जे वय झाले होते ते आम्ही गुमटीच्या अंगावर चढवले. संहितेची जीर्णता आणि संहितेत वर्णिलेल्या जगाची जीर्णता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आम्ही विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. पण आमच्या हातून हे का झाले? कारण छोटी लाइन संपली आहे हे आम्हांला आधीच ठाऊक होते. शेवट ठाऊक असलेल्या माणसाने आरंभाकडे पाहिले की त्याला आरंभातही शेवटच दिसू लागतो. अण्णांना तो शेवट ठाऊक नव्हता. त्यांना पुढची गाडी कधी येणार एवढे ठाऊक होते आणि तिच्यासाठी त्यांनी आपली गुमटी जय्यत ठेवलेली होती.

अमेरिकन मासिकांतही हा वाद आहे. जॉर्ज सेलिओस यांच्या 'फ्रँकलिन अँड साउथ मँचेस्टर' या प्रसिद्ध प्रतिकृतीत १९३० च्या मंदीतील शहरे आहेत. भिंतीभिंतीवर विटलेल्या जाहिराती, गल्लीगल्लीत मोडतोड. ती पाहून दिपून न जाणारा विरळा. तिच्या अनुकरणाने मात्र असा एक प्रघात पडला की, लाकडी इमारत म्हटली की ती मोडकळीलाच आलेली असावी. एखाद्या काळाचे दुःख दाखवण्यासाठी योजलेली खूण पुढे निव्वळ शोभेची होते. आपल्याकडे खेड्याविषयीच्या, गिरणगावाविषयीच्या, वाड्यांविषयीच्या लेखनात हे घडलेले नाही, असे कोण म्हणेल? पडकी भिंत, तुटके कौल, ओस अंगण : ही आमची सुईची टोचणी. त्यांतील प्रत्येक वस्तू खरी असू शकते. पण त्या घरात राहणारा माणूस दर उन्हाळ्यात डांबर लावत होता की नाही, हे विचारल्यावाचून ती मांडणे म्हणजे त्याच्या कष्टांची नोंदच पुसून टाकणे होय. आमच्या पहिल्या गुमटीत अण्णांची आकृती होती. अण्णांचे काम कुठेच नव्हते.

बार्थ यांचा बॅरोमीटरही आता आम्हांला निराळा दिसतो. वाचकाच्या दृष्टीने तो निष्प्रयोजन असेल. पण त्या घरातील कुणीतरी तो रोज पाहत असेल, पावसाचा अंदाज घेऊन वाळत घातलेले कपडे आत आणत असेल. निबंधाच्या मुद्द्याला यामुळे बाध येत नाही, हे आम्हांला समजते. तरी यंदा तो पाठ शिकवताना आम्ही खिडकीची गोष्ट वर्गात सांगितली. एका विद्यार्थिनीने विचारले, "म्हणजे तपशील खरा आहे का, हे लेखकाने तिथे राहणाऱ्याला विचारायचं?" आम्ही म्हटले, निदान तो वीस पावलांवर बसत असेल तर विचारायचे. वर्ग हसला. आम्ही हसलो नाही.

दुसरी गुमटी करायला सहा आठवडे लागले. या वेळी मामा दर शनिवारी दुपारी घरी येत. फळ्या काळ्या केल्या, पण काळा रंग सरसकट दिला तर लाकूड प्लॅस्टिकसारखे दिसते. म्हणून काळ्यात किंचित तपकिरी मिसळून, ब्रश फळीच्या लांबीने ओढत, डांबराचे ओघळ वाटावेत असे दोन-तीन थर दिले. खांब ओळंब्यात उभे केले. खिडकी बार्शीच्या भिंतीला, बसलेल्या डोळ्यांच्या उंचीवर. उंबऱ्याला लाल रंगाचा एक ठिपका. सुईचे टोचे मारले नाहीत. डांबराखाली खिळे दिसत नसत, असे मामा म्हणाले. आत खुंटी आणि तिला सात-सात मिलिमीटरचे दोन बावटे, पातळ कागदाचे. ते बाहेरून कुणालाही दिसणार नाहीत.

ही गुमटी साधी दिसते, हे मान्य केले पाहिजे. सहकारी पाहतात, 'बरी आहे' म्हणतात आणि नजर पहिलीकडे वळवतात. पहिली आम्ही मोडली नाही. विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी ठेवली आहे.

गेल्या शनिवारी मामांनी दुसरी गुमटी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि एक डोळा मिटून त्या बार्शीकडच्या खिडकीतून आत पाहिले. खुंटी दिसली, बावटे दिसले. मग म्हणाले, "बाकडं राहिलं की, सर. अण्णा बसायचे कशावर?"

छपराचा पत्रा तयार आहे, पण तो अजून चिकटवलेला नाही.